शेजारच्या सीटपुढचा ब्रेक

आमच्या गाडीला दोन ब्रेक होते. एक सगळ्या गाड्यांना असतो तिथे, आणि दुसरा शेजारच्या सीटच्या पायाशी. तो मास्तरांनी मुद्दाम बसवून घेतलेला. मास्तर म्हणजे माझा नवरा. शाळेतला मास्तर नव्हे, गाडी शिकवणारा. शिकाऊ माणूस घाबरून भलतंच काहीतरी दाबायला लागला की मास्तर शेजारून आपला ब्रेक दाबायचे आणि शांतपणे म्हणायचे, "हं. आता सांगा, काय झालं?" ओरडायचे नाहीत कधी. आमच्या संसारात ओरडण्याचं खातं माझ्याकडे होतं.

त्यांनी सगळ्यांना गाडी शिकवली. दुकानदारांना, नर्सबाईंना, घटस्फोट घेतलेल्यांना, घ्यायच्या बेतात असलेल्यांना. मला मात्र नाही. एकदा प्रयत्न झाला होता. मी फाटकाच्या खांबाला गाडी टेकवली. मास्तर खाली उतरले, खांबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "खांबाची काही चूक नाही." त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावला नाही. शेजारी बसायचे, आणि पाय ठेवायचे त्या दुसऱ्या ब्रेकवर. पुढे त्यांनी शिकवणं बंद केलं, गाडीवरची पाटी उतरवली, तरी तो ब्रेक काढला नाही. गॅरेजवाला म्हणालाच होता, "मास्तर, आता कशाला हे लटांबर?" तर म्हणाले, "हिने मग पाय कुठे ठेवायचा?"

तेव्हापासून ते चालवायचे आणि मी थांबवायचे. समोर कुत्रं दिसलं की मी दाबलाच ब्रेक. कुत्रं नसलं तरी कधीकधी दाबायचे. "आज गाडी नक्की कोण चालवतंय?" ते विचारायचे. "चालवा तुम्हीच," मी म्हणायचे, "थांबवायचं तेवढं माझ्याकडे."

मास्तर गेले ते झोपेत. तिथे माझा पाय पोचला नाही.

गाडी गॅरेजवाल्याच्या अंगणात उभी होती. विकायला नको असं मला वाटत होतं, पण घरमालकांना तसं वाटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, नवीन करार करायचा तर वर्षाचं भाडं आगाऊ हवं. "मास्तर होते तोवर वेगळं होतं, तुम्ही समजून घ्या." समजून घ्यायला मी तयारच असते, पैसे तेवढे नव्हते. मी घरी शिवणकाम करते. पडदे, उशांचे अभ्रे, कुणाची पँट आखूड, कुणाची कंबर सैल. त्यातून महिना निघतो, वर्ष निघत नाही. गाडी विकली तर वर्ष निघणार होतं. नाही विकली तर मुलाकडे जायचं.

मुलगा चांगला आहे. सूनही चांगली आहे. ते दूरच्या शहरात राहतात. घरात कपडे धुण्याच्या मशीनची एक छोटी खोली आहे, तिथे माझा पलंग बसतो असं त्याने टेप लावून पाहिलं होतं. "आई, बरोब्बर बसतो," तो म्हणाला, जणू मी कपाट आहे. मशीनशी माझं काही भांडण नाही. पण या घराचं दार मी आतून लावते आणि मीच उघडते. तेवढंच माझं राहिलंय.

"तू एकटी विकायला जाऊ नकोस," हे त्याने निक्षून सांगितलेलं. "मला सुट्टी मिळाली की मी येतो. तुला गंडवतील. हल्ली माणसं कशी आहेत तुला माहीत नाही." आणि मग, आवाज मऊ करून, "आणि गंडवलं ना, तर मग मी तुला तिथे राहू देणार नाही हं." त्याची सुट्टी करार संपल्यावर येणार होती. म्हणून त्याला न सांगता मी फोनवरून जाहिरात टाकली. मी शिवणही कुणाकडे शिकलेली नाही. जुने कपडे उसवत गेले आणि कसे शिवलेत ते कळत गेलं. जाहिरात टाकायला तर काही उसवावंही लागलं नाही.

फोटो काढायच्या आधी गाडी धुतली. पुढच्या कप्प्यात मास्तरांचा कंगवा होता, पेपरमिंटचे कागद होते, एक न जळणारी टॉर्च होती. ड्रायव्हरच्या सीटला मधोमध खळगा पडलेला. फोटोत तो दिसू नये म्हणून मी त्यावर उशी ठेवली, मग वाटलं ही फसवणूक झाली, म्हणून काढली. जाहिरातीत लिहिलं, "एकाच मालकाची. काळजीने ठेवलेली. दोन ब्रेक आहेत."

फोन आले. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: दोन ब्रेक म्हणजे काय? मी समजावून सांगायचे. मग कुणी हसायचं, कुणी म्हणायचं तो काढायचा खर्च किमतीतून वजा करा. एकाने विचारलं, एक ब्रेक घेतला तर अर्ध्या किमतीत द्याल का? भाव तर असे पाडायचे की मी गाडी विकत नसून तिच्यापासून सुटका मागतेय. येतो म्हणायचे, यायचं कुणी नाही.

आणि मग जहाजवाल्याचा फोन आला.

"मावशी, नमस्कार. तुमची गाडी बघितली, आवडली. मी जहाजावर नोकरीला आहे. गाडी वडिलांसाठी हवीय. किंमत तुम्ही लिहिलीय ती मान्य आहे."

मी थोडी गडबडलेच. किंमत मी मुद्दाम चढी लिहिली होती, खाली उतरायला जागा राहावी म्हणून. आता उतरायला कुणी सांगेना.

"बघायला कधी येता?" मी विचारलं.

"मी कसा येणार मावशी, मी तर पाण्यावर. आणि वडिलांना पायी चालवत नाही फार. माझा गाड्या नेणारा माणूस येईल, ट्रकवर चढवून नेईल. तुम्हाला कसलाच त्रास नाही." मग जरा थांबून तो म्हणाला, "तुम्ही जेवलात का?"

दुपार टळून गेली होती. मी इस्त्री करत उभी होते. जेवले नव्हते. मास्तर गेल्यापासून जेवणाची वेळ अशी नव्हती. भूक लागली की पातेल्यातूनच काहीतरी. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मुलगा विचारतो, "गोळ्या घेतल्यास का?" गिऱ्हाइकं विचारतात, "झाले का पडदे?" घरमालक विचारतात, "मग काय ठरवलंत?"

"जेवते आता," मी म्हटलं.

"नक्की जेवा हं, मावशी."

मी फोन ठेवला, ताट घेतलं आणि बसून जेवले. ताट घेऊन बसले, म्हणजे बघा.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीच्या वेळेला पुन्हा फोन. मग रोजच. गाडीबद्दल थोडं बोलायचा, बँकेच्या खात्याचा नंबर घेतला, ट्रकवाल्याचं जमवतोय म्हणाला, आणि मग इकडचं तिकडचं. मीच बोलायचे जास्त. त्याला मास्तरांबद्दल सांगितलं. खांबाची गोष्ट सांगितली. दुसरा ब्रेक का काढला नाही तेही सांगितलं. हे मी मुलालासुद्धा कधी सांगितलेलं नव्हतं. तो "अरेरे" म्हणायचा, "बापरे" म्हणायचा, "किती छान मावशी" म्हणायचा. जिथे जे म्हणायला हवं तिथे ते. मी इस्त्रीची कामं सकाळी होत असली तरी दुपारवर ढकलायला लागले.

गॅरेजवाल्याला हे कळलं कारण मी कागदपत्रं मागायला गेले. गाडीच्या खाली आडवा पडून तो माझ्याशी बोलत होता, नुसते पाय बाहेर.

"न बघता घेतोय?" पाय म्हणाले.

"वडिलांसाठी."

"वहिनी, लोक टोमॅटोसुद्धा दाबून बघतात."

"तो जहाजावर असतो."

"असेल की. माझा मेव्हणा राजवाड्यात असतो." तो सरपटत बाहेर आला, हात पुसले. "भाव केला का त्याने?"

"नाही."

"दुसऱ्या ब्रेकचं विचारलं?"

मी म्हटलं, "हो, बोलणं झालंय आमचं." ते खरंच होतं. झालं होतं बोलणं. पण त्याने विचारलं नव्हतं, मीच सांगितलं होतं. शिवताना धागा एका ठिकाणी जरा ओढला जातो, दिसतो आपल्याला, आणि आपण म्हणतो इस्त्रीत बसेल. तसं मी केलं.

"वहिनी," गॅरेजवाला म्हणाला, "पैसे हातात आल्याशिवाय किल्ली देऊ नका. माझ्याकडची किल्लीसुद्धा तुम्ही सांगितल्याशिवाय कुणाला देणार नाही मी. मग तो ट्रक घेऊन येवो नाहीतर बोट घेऊन."

"कळतं मला," मी म्हटलं आणि रागारागाने घरी आले. राग त्याचा नव्हता. तो बरोबर बोलतोय हे मला कळत होतं, आणि त्या दिवशीची दुपार अजून व्हायची होती.

मग तो मेसेज आला. इस्त्री तापलेली, पडद्यांचा ढीग शेजारी. फोन वाजला आणि त्याच्या स्क्रीनवर बँकेचं नाव, रक्कम, माझ्या खात्याचे शेवटचे आकडे. गाडीच्या किमतीपेक्षा रक्कम जास्त. खाली लिहिलेलं, ही रक्कम जमा झाली असून वाहतूक खर्च पुढे पाठवल्याचं नक्की होताच खात्यात वापरायला मिळेल. मी दोनदा वाचलं. वर्षाचं भाडं त्यात होतं. दार त्यात होतं.

लगेच त्याचा फोन. "मावशी, मिळाला ना मेसेज? बघा, मी बोललो होतो ना! त्यात ट्रकवाल्याचे पण घातलेत. मला इथून दोन ठिकाणी पाठवता येत नाहीत, समुद्रावर नेटवर्कचा फार घोळ. तुम्ही तेवढे त्याला तुमच्या खात्यातून पाठवा, मी नंबर देतो. तो ट्रक घेऊन निघालाय, रस्त्यातच आहे. लगेच पाठवलेत तर आज गाडी उचलेल."

माझ्या खात्यात जे होतं ते जवळजवळ तेवढंच होतं. किराणा, वीज, दिवाबत्ती, सगळं त्यातच. पण त्यापुढे मोठी रक्कम उभी आहे असं मेसेज सांगत होता. मी इस्त्री उभी करून ठेवली, चष्मा लावला, नंबर लिहून घेतला. फोनवर आकडा घालेपर्यंत आले. बोट बटणावर होतं.

आणि मला वाटलं, एवढं एक विचारावं. संशय म्हणून नव्हे. खरंच काळजी वाटली, म्हाताऱ्या माणसाची.

"ऐका ना," मी म्हटलं, "तुमच्या वडिलांना ते शेजारच्या सीटपुढचं चालेल ना? अडचण नाही ना व्हायची?"

"शेजारच्या सीटपुढचं?"

"ते जादाचं."

"हो हो, चालेल की मावशी! जादा असलेलं कधीही चांगलंच. वडील खूश होतील. तुम्ही पाठवलेत का?"

मी बोट उचललं.

त्याला माहीत नव्हतं. फाटकाचा खांब, पाय कुठे ठेवायचा, कुत्रं, सगळं मी त्याला सांगितलं होतं, कितीतरी दुपारी सांगत होते. त्याने "किती छान" म्हटलं होतं. त्यातलं काहीही त्याच्या कानात गेलं नव्हतं. तो चोर आहे हे मला नंतर कळलं, म्हणजे थोड्या क्षणांनी. आधी कळलं ते हे, की तो ऐकत नव्हता. आणि खरं सांगायचं तर चोरीपेक्षा तेच जास्त लागलं.

"इस्त्री बंद करते आणि बघते," मी म्हटलं.

"लवकर हं मावशी."

मी इस्त्री खरंच बंद केली. चपला घातल्या आणि बँकेत गेले.

बँकेतल्या काउंटरवरच्या बाईंना सर्दी झालेली. रुमाल नाकाला लावून त्यांनी माझा फोन बघितला, मग स्वतःच्या संगणकात बघितलं.

"काही आलेलं नाही."

"पण मेसेज..."

"मेसेज तुमच्या फोनात आलाय, काकू. पैसे आमच्याकडे यायला हवेत. आमच्याकडे नाहीत." त्यांनी फोन माझ्याकडे वळवला, बोटाने दाखवलं. "हा बघा, साध्या मोबाइल नंबरवरून आलाय. बँकेचं नाव त्यात कुणीही टाइप करेल. आणि एक लक्षात ठेवा, खरंच जमा झालेले पैसे, आधी दुसऱ्याला काही पाठवा म्हणून अडून बसत नाहीत. आले तर आले, नाहीतर नाहीत. तुम्ही काही पाठवलंत का?"

"नाही."

"कुठला कोड वगैरे सांगितलात?"

"नाही."

"मग देव पावला." त्या शिंकल्या. "गाडी विकायची आहे ना? घेणाऱ्याला इथे घेऊन या. माझ्यासमोर पैसे येऊ देत, मी खात्यात बघून सांगते आले म्हणून, मग कागदावर सह्या, मग किल्ली. हाच क्रम. घाई करणाऱ्याला म्हणावं, जा. आणि या नंबरची तक्रार करा. पुढचे."

पुढचे म्हणजे रांगेतला पुढचा माणूस. मी बाजूला झाले.

बाहेर पायऱ्यांवर बसले तर फोन वाजला. तोच. मी उचलला. का उचलला, असं मुलाने नक्की विचारलं असतं. त्याने विचारलं नाही, कारण त्याला हे ठाऊकच नाही.

"मावशी, झालं का?"

"बँकेत आलेय. पैसे आलेले नाहीत म्हणतात."

"अहो, त्यांच्याकडे दिसायला वेळ लागतो. सर्व्हरचा प्रॉब्लेम. बँकेतल्या लोकांना काही माहीत नसतं मावशी, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवा. ट्रकवाला खोळंबलाय."

त्याच्या आवाजामागे आणखी आवाज होते. रोजच असायचे. मी समजायचे जहाजाचं इंजिन, खलाशी, असं काहीबाही. त्या पायऱ्यांवर बसून पहिल्यांदा नीट कान दिला. त्याच्या अगदी शेजारी, खुर्चीला खुर्ची लावून बसलेला असावा इतक्या जवळ, दुसरा एक मुलगा बोलत होता. गोड, हळू.

"आजी, तुम्ही जेवलात का?"

कुठल्या गावातली आजी असेल ती. तिनेही ताट घेतलं असेल का?

"मावशी? हॅलो?"

"हा शेजारचा पण जहाजावरच असतो का रे?" मी विचारलं. अरे-तुरे पहिल्यांदाच आलं तोंडात.

तो फोन ठेवेल असं वाटलं, पण ठेवला नाही. मागची खोली ऐकू येत होती, खूपशी कुजबूज, सगळीकडे काळजी चाललेली.

"तू जेवलास का?" मी म्हटलं.

टोमणाच मारायचा होता. निघाला मात्र तसा नाही.

मग तो म्हणाला, "मावशी, ट्रकवाला थांबलाय." आवाज तोच, गोड. शिकवलेला. मी फोन बंद केला.

घरी येऊन तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. तिथल्या माणसाने सगळं लिहून घेतलं, मेसेज पाठवायला सांगितला, फोन कुठल्या वेळी यायचे ते विचारलं. शेवटी म्हणाला, "नुकसान किती झालं?"

"काही नाही," मी म्हटलं.

"मग उत्तम," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी इस्त्री लावली आणि फोन टेबलावर उलटा घालून ठेवला. वाजला नाही. वाजला असता तर उचलला नसता, हे मी स्वतःला बजावून ठेवलं होतं. ते सिद्ध करायची संधीच मिळाली नाही. पडदे संपले. उशांचे अभ्रे काढले, त्यांना इस्त्रीची गरज नव्हती, तरी केली. घर इतकं शांत की इस्त्रीची वाफ ऐकू यायची. रविवारी मुलाचा फोन आला. स्पीकरवर, मागे सून भांडी लावतेय. "गोळ्या घेतेस ना आई? आणि गाडीचं मी बघतो म्हटलंय, तू काही करू नकोस." मी म्हटलं, "बरं." सांगावंसं वाटलं. सांगितलं असतं तर पलंग मशीनच्या खोलीत.

त्याच आठवड्यात नळवाला आणि त्याची बायको आले. जाहिरात बघून, फोन न करता थेट गॅरेजमध्ये, मी तिथे असतानाच. नळदुरुस्तीची कामं करून निवृत्त झालेला माणूस, हातांची बोटं सगळी पान्यासारखी. साठीत लायसन काढलेलं. बायको त्याच्या पुढे चालत होती. आल्या आल्या तिने शेजारच्या सीटचं दार उघडलं, आत डोकं घातलं आणि म्हणाली, "हाच का तो? चालतो का?"

"चालतो," गॅरेजवाला म्हणाला.

"दाबला की थांबते? हे कितीही जोरात चालवत असले तरी?"

"मी जोरात चालवत नाही," नळवाला म्हणाला.

"तुम्ही बोलू नका. तुम्ही परवा भाचीच्या गाडीतून कुंपणात गेलात."

"कुंपण आत आलेलं होतं, त्याला मी काय करू."

मी हसले. किती दिवसांनी हसले कोण जाणे, आवाज खोकल्यासारखा निघाला.

माणसं गोड नव्हती. त्यांनी टायर लाथाडून बघितले, बॉनेट उघडायला लावलं, सीटच्या खळग्यावर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" तिने किमतीवर अशी घासाघीस केली की मी दोनदा घरी जायला निघाले आणि तिने दोनदा परत बोलावलं. शेवटी ठरली ती किंमत मी लिहिलेल्यापेक्षा खाली होती, पण वर्षाचं भाडं भागून शिवणयंत्राची दुरुस्ती होईल इतकी होती. पाणी विचारलं तर म्हणाली, "पिऊन निघालोय." मी जेवलेय का, हे कुणी विचारलं नाही.

मी म्हटलं, "पैसे बँकेत. माझ्या काउंटरवर. तिथल्या बाई आले म्हणाल्या की सह्या आणि किल्ली."

नळवाला जरा दुखावला. "आमच्यावर विश्वास नाही?"

बायकोने त्याला कोपराने ढोसलं. "असंच करायचं असतं. मीपण कागद बघितल्याशिवाय दमडी देणार नव्हते." आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मला वाटतं, तिने माझ्याबद्दल चांगलं मत बनवलं ते तिथे.

बँकेत सर्दीवाल्या बाईंची सर्दी बरी झाली होती. त्यांनी पैसे खात्यात आलेले स्वतः बघितले, मलाही स्क्रीन वळवून दाखवला. मग सह्या. मग मी पर्समधून किल्ली काढली. किल्लीला मास्तरांची पितळी कडी होती. ती सोडवायला नखं लागेनात, तेव्हा नळवाल्याने बोटांच्या एका चिमटीत ती सोडवली, कडी माझ्या हातात ठेवली आणि किल्ली स्वतः घेतली. त्याच्यापुरतं तेवढं बोलणं पुरेसं होतं.

गॅरेजच्या बाहेर तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला. खळगा त्याला जरा मोठाच होत होता. ती शेजारी बसली, पर्स मांडीवर, पाय पुढे. गाडी निघाली. रस्ता सरळ, मोकळा, एक चिटपाखरू नव्हतं समोर. तरी मागचे लाल दिवे लागले. गाडी अडखळली. पुन्हा निघाली. पुन्हा लाल. वळणापर्यंत असंच, दर थोड्या अंतराने, काही कारण नसताना.

"लागली वाट," गॅरेजवाला म्हणाला. "पॅड घासून येतील महिन्याभरात माझ्याकडेच."

मी तिथे रस्त्यावर उभी होते आणि माझा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता, दरवेळी तिच्याबरोबर. गाडी वळली. मग नुसता रस्ता.

घरमालकांना पैसे दिले, करार झाला. मुलाला सांगितलं, गाडी विकली, पैसे खात्यात. "एकटीने?" "एकटीने." "कुणी गंडवलं नाही ना?" "नाही." मग तो हळूच म्हणाला, "मला शेवटचं एकदा चालवायची होती गं." हे मला सुचलंच नव्हतं. मागे भांड्यांचा आवाज नव्हता. स्पीकर बंद केला होता त्याने.

दार मी आतून लावते आणि मीच उघडते. ते आहे. लावल्यावर आत मी असते आणि इस्त्री. पितळी कडीला आता घराची किल्ली आहे.

परवा दुपारी फोन वाजला, अगदी त्याच वेळेला. पहिल्याच घंटेला हात तिकडे गेला, लपवत नाही. अनोळखी नंबर.

"मी गाडी घेतलेली बाई," पलीकडून आवाज, फणकाऱ्यात. "अहो, तुमचा तो ब्रेक केवढा कडक आहे! माझी पोटरी धरली. तुम्ही कसा दाबत होतात?"

"पूर्ण पाय नाही टाकायचा," मी म्हटलं. इस्त्री उभी केली, खुर्ची ओढून बसले. "टाच खाली टेकवायची. आणि नुसता चवडा वर ठेवायचा, हलका. दाबायचा नाही, ठेवूनच द्यायचा."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

"आणि हे वैतागतात त्याचं काय?"

"वैतागू द्या," मी म्हटलं. "विचारलं की गाडी कोण चालवतंय, तर सांगायचं, तुम्हीच. थांबवायचं तेवढं माझ्याकडे."

ती ऐकत होती, हे मला कळलं. मग तिने कुणालातरी ओरडून सांगितलं, "अहो, टाच खाली टेकवायची म्हणे!" आणि बरं, ठेवते, असं काहीही न म्हणता फोन बंद केला.

मी थोडा वेळ तशीच बसून राहिले, टाच खाली टेकवून. मग उठून ताट घेतलं.